ताईंचा बिनगाड्यांचा रस्ता

"कुणी ठरवलं?"

चष्मा कपाळावर सरकवून, मान किंचित तिरकी करून ताई हे विचारत, आणि आपण आत्ता काय बोललो ते समोरच्याला पुन्हा तपासून बघावंसं वाटे. ऑफिसातल्या नव्या नियमापासून कॉफीत साखर किती असावी इथपर्यंत कशालाही हा प्रश्न लागू पडे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांना भांडखोर म्हणतो आणि मोकळे होतो. मीही झालो होतो.

इथे परदेशात, बुओना व्हिस्टा भागातल्या आमच्या ऑफिसात ताई फायनान्सला होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, एकट्या राहणाऱ्या. मूळच्या नाशिककडच्या, द्राक्षबागायतदाराच्या घरातल्या. लहानपणी घरी सायकल आली ती दोघा भावांसाठी. ताई बागांच्या कडेनं चालत शाळेत जात आणि भाऊ घंटी वाजवत पुढे निघून जात. "मुलीला कशाला सायकल, म्हणे. कुणी ठरवलं?" हे सांगताना त्यांचा आवाज असा चढे की भाऊ नुकतेच पुढे गेले असावेत.

सायकल त्या पन्नासाव्या वर्षी शिकल्या. जुरोंग ईस्ट वस्तीत आमच्या इमारती शेजारी होत्या. मागच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी त्यांचा सराव चाले. माझी आठ वर्षांची मुलगी खिडकीतून इथल्या ढंगाच्या इंग्रजीत ओरडायची, "आंटी, फॉल डाउन अगेन लाह!" खालून उत्तर यायचं, "पडले तर पडले! तू अभ्यास कर."

पुढे त्या उत्तम चालवू लागल्या. एक गोष्ट मात्र गेली नाही. मागून लॉरी आली की त्या सायकलवरून उतरून कडेला उभ्या राहत. लॉरी गेली की पुन्हा बसत आणि रागानं म्हणत, "रस्ता यांच्या नावावर लिहून दिलाय का?"

दर रविवारी आम्ही पाच जण रेल कॉरिडॉरवर जायचो. जुन्या रेल्वेचे रूळ काढून केलेली ती पायवाट. तिथे लॉरी नाही, म्हणून ताई तिथे राणीसारख्या चालवत. आमच्यातला एक जण तांजोंग पगार भागातल्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. त्याला सगळे कॅप्टन म्हणत. त्याची सायकल आमच्या सगळ्यांच्या सायकलींहून हलकी होती, आणि हे तो दर रविवारी सांगायचा.

दक्षिण फ्रान्सची कल्पना ताईंची. द्राक्षाच्या मळ्यांतून, समुद्रापासून तासाभराच्या अंतरावर, मोटारी जवळजवळ नसलेल्या रस्त्यांनी सहा दिवस सायकल चालवायची. आठ महिने जेवणाच्या सुट्टीत त्या एका कागदी नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं रेषा ओढत होत्या. इथे रूळ उखडून केलेली वाट, इथे कालव्याचा काठ, इथे शेतातला रस्ता. पाण्याचा नळ कुठे, सावली कुठे. घरगुती खोल्या देणाऱ्या बायकांशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. रोज पंचवीस किलोमीटर. "तिथे मागून काही आलंच तर ट्रॅक्टर येईल," त्या म्हणाल्या. "ट्रॅक्टरला मी भीत नाही."

निघायच्या दोन महिने आधी कॅप्टननं व्हॉट्सअॅपवर दुसरा ग्रुप काढला. 'फ्रान्स फायनल'. त्यात ताई नव्हत्या. त्यानं लिहिलं, "रोज पंचवीस म्हणजे चालतच जाऊ की! ई-बाईक घेऊ, सत्तर करू. ताईंना झेपणार नाही. त्यांच्याच भल्यासाठी म्हणतोय." बाकी दोघांनी होकाराचे अंगठे टाकले. मी काहीच लिहिलं नाही. गप्प बसण्याला मी तेव्हा समजूतदारपणा म्हणत होतो. आजही ते आठवलं की माझीच कानशिलं तापतात.

ताईंना कळलं ते तिकडच्या एका घरमालकिणीकडून. तिनं काळजीनं विचारलं होतं, 'तुमच्या मित्रांनी कळवलं की आजारपणामुळे तुम्ही येणार नाही. आता बरं वाटतंय ना?'

त्या रविवारी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या मंडईत, आम्ही चौघे बसलो होतो. ताई आल्या, स्वतःची कॉफी घेतली आणि बसल्या.

"माझी तब्येत कुणी बिघडवली?"

कॅप्टन हसला. "ताई, गैरसमज नको. सेफ्टीचा प्रश्न आहे. लॉरी आली की तुम्ही उतरता."

"तिथे लॉरी नाही. म्हणून तर तो रस्ता शोधला."

"तरी ग्रुपचा वेग असतो ना एक."

"तो कुणी ठरवला?"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू होतास त्या ग्रुपमध्ये?"

"होतो."

"काही बोललास?"

"नाही, ताई."

त्यांनी मान हलवली. कॉफी संपवली, सगळ्यांचे कप ट्रेमध्ये गोळा केले, ट्रे जागेवर ठेवला आणि गेल्या. आमचे कपसुद्धा त्यांनीच उचलले, आणि आम्ही उचलू दिले!

मे महिन्यात आम्ही चौघे गेलो. नकाशा ताईंचाच, त्यांनी पूर्वी जुन्या ग्रुपवर टाकलेल्या फोटोतला. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या कोवळ्या हिरव्या ओळी, मधून पांढरी वाट, आणि इतकी शांतता की दूरच्या गावातली घंटा ऐकू यावी. ती शांतता मोडणारे आम्हीच. कॅप्टनच्या सायकलला अडकवलेला स्पीकर मोठ्यानं गात होता.

एका वळणावर दगडी बांधाला टेकवलेली ओळखीची सायकल दिसली. मळ्यात एका म्हाताऱ्या बाईशेजारी ताई उकिडव्या बसल्या होत्या. दोघी मिळून वेलींच्या बुंध्याशी आलेल्या नको त्या फुटी काढत होत्या. ताईंनी घरमालकिणींना पुन्हा लिहून आपली खोली राखून ठेवली होती आणि त्या एकट्या आल्या होत्या.

"अरे, ताई इथेही!" कॅप्टन ओरडला. "चला, चला, जेवायच्या आत पोचायचंय." त्यानं घंटी वाजवली आणि तिघे पुढे निघून गेले.

मी थांबलो. मळ्यात शिरलो.

ताईंनी वर पाहिलं नाही. "पाणी आहे? या आजींचं संपलंय."

मी बाटली दिली. "ताई, मला माफ—"

"माफी नंतर. खालच्या फुटी काढ. वरच्या दोन ठेव."

आम्ही ती ओळ पुरी केली. आजीबाईंना इंग्रजी येत नव्हतं, ताईंना फ्रेंच येत नव्हतं, पण कोणती फूट ठेवायची यावरून दोघींचा कडाक्याचा वाद झाला आणि तो ताईंनी जिंकला. राहिलेले चार दिवस मी त्यांच्याबरोबर होतो. प्रत्येक मळ्यापाशी उतरून त्या नापसंती दाखवत. "इतक्या जवळ लावतात का वेली? मांडव नाही, काही नाही." एका लांबलचक उतारावर मात्र त्यांनी ब्रेक सोडले. मागून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती आणि हसणं ऐकू येत होतं, शाळकरी मुलीसारखं, न थांबणारं. इतकं साधं सुख त्यांना द्यायला आम्हाला कसली अडचण होती, ते मला आजवर कळलेलं नाही.

परतल्यावर एका काँडोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या, हॉलमध्ये मराठी मंडळींचा कार्यक्रम होता. कॅप्टननं सफरीचे फोटो दाखवले. पडद्यावर ताईंचा नकाशा आला, हिरव्या पेन्सिलीसकट. खाली लिहिलं होतं, मार्गनियोजन: कॅप्टन. ताई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

मी उभा राहिलो. "हा नकाशा ताईंचा आहे. त्या आजारी आहेत असं खोटं सांगून आपण त्यांना वगळलं. मीही त्यात होतो."

तुम्हाला वाटेल, हॉलमध्ये खळबळ उडाली असेल. छे! मागून कुणीतरी म्हणालं, "जाऊ द्या हो, चांगल्या दिवशी कशाला." कॅप्टन म्हणाला, "टीमवर्क आहे सगळं," आणि पुढचा फोटो आला. मग सगळे जेवायला उठले. अन्यायाला इतकं सहज पचवणारी ती सुशिक्षित माणसं आठवली की मला अजून जेवण जात नाही.

खाली बसस्टॉपवर ताई म्हणाल्या, "उशिरा बोललास." बस आली. चढता चढता म्हणाल्या, "शेजारी बस. उभा का राहतोस?"

वर्षभरातच कंपनीनं त्यांच्या विभागाचं काम दुसऱ्या देशात हलवलं. नोकरी गेली की इथे राहण्याचा पासही जातो. बारा वर्षांचं घर महिन्याभरात आवरायचं. निरोपाच्या ईमेलमध्ये त्यांचं आडनावसुद्धा चुकीचं लिहिलं होतं.

विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो. सायकलचं खोकं आडवं-उभं मोजून काउंटरवरचा तरुण म्हणाला, हे जाणार नाही, फार लांब आहे. ताईंनी पर्स खाली ठेवली. मला म्हणाल्या, "तू जा आता, मुलीची शाळा सुटेल," आणि त्याच्याकडे वळल्या.

मी दारापाशी पोचून मागे पाहिलं. त्या हातवारे करून काहीतरी समजावत होत्या आणि तो मान हलवून नाही म्हणत होता. बराच वेळ हे चाललं. मग तो काउंटरच्या बाहेर आला, वाकला आणि त्यानं खोक्याचं एक टोक उचललं. दुसरं ताईंनी. हळू चालण्याबद्दल त्याला बजावत त्या खोकं घेऊन आत गेल्या.