दुसऱ्याच्या लेकराचं विचारा

उमरेड रोडला लागून आमची वस्ती होती. तिथल्या बालवाडीत मी दलिया शिजवायची. बालवाडी वस्तीतल्या बायकांनीच चालवायची असा नियम होता. दलिया आणि तेल एका संस्थेच्या ऑफिसातून यायचं, आणि लाकडं, पाणी, भांडी घासणं हे वस्तीनं पाळीपाळीनं करायचं. शिजवायला मी हो म्हटलं, कारण कढईशी बोलावं लागत नाही. सासूबाईंनी जाऊ दिलं तेही त्याचसाठी. घराबाहेर मी तेवढीच जायची. चाळीस लेकरं ताटल्या वाजवत बसायची, मी वाढायची. लेकरांची मला लाज वाटत नसे. मोठ्या माणसांची वाटायची.

वर्ष सरत आलं तेव्हा बाईंनी, म्हणजे बालवाडीच्या मास्तरणीनं, सांगितलं की ऑफिसातून साहेब येणार आहेत. दलिया खाऊन लेकरांची तब्येत सुधारली का ते विचारणार, आणि पुढच्या वर्षी धान्य द्यायचं की नाही ते कागदावर लिहून नेणार. नाही लिहिलं तर चूल बंद. हे ऐकून मी दोन दिवस दलियात मीठ टाकायला विसरले. लेकरांनी तसाच खाल्ला.

खरं तर विचारायची गरज पडायला नको होती. ऑफिसनं वजनाचा काटा दिला होता. तो चिंचेच्या फांदीला टांगून खाली झोळी बांधायची, झोळीत लेकरू ठेवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. पण एकाही आईनं लेकरू ठेवू दिलं नाही.

"माहं पोट्टं का वांगं आहे, काट्यावर टाकाले?" असं चक्कीवाली म्हणाली, आणि काट्याचं काम तिथंच संपलं. ही चक्कीवाली म्हणजे वस्तीत पिठाची चक्की होती त्या घरची. तिच्यापुढे कोणाचं चालत नसे. पुढे त्या काट्याला बाईंची पिशवी लटकायची. वही कोरीच राहिली.

साहेब आले. तरुण होते, लग्न व्हायचं होतं. बालवाडीत खुर्ची एकच, तीही लेकरांच्या मापाची. तिच्यावर बसले तर गुडघे कानाशी आले. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तीन कागद, मध्ये कार्बन. पहिली चक्कीवाली गेली. कडेवर मुलगा इतका जड की ती एका बाजूला वाकली होती.

"मुलाची तब्येत सुधारली का?" साहेबांनी विचारलं.

"कुठची जी साहेब! काहीच खात नाही. काडी झाला, काडी."

तोवर काडीनं साहेबांसाठी ठेवलेली बिस्किटं बशीसकट ओढून घेतली होती.

मग टेलरची बायको. "माही पोरगी तर उठूच शकत नाही जी. नुसती पडून राह्यते."

पोरगी तेव्हा चिंचेवर होती.

मला काही वाटलं नाही. आपलं लेकरू चांगलं खातं असं परक्यासमोर कोण बोलेल? बोललं की नजर लागते. मीही तेच सांगितलं असतं. सगळ्या बायकांनी तेच सांगितलं. मी चहा द्यायला गेले तेव्हा साहेबांच्या कागदाकडे नजर गेली. कागद मला उलटा दिसत होता, पण चौथीपर्यंत शिकले आहे, उलटंही जमतं. 'परिणाम नाही.' त्याच्याखाली 'परिणाम नाही.' पानभर तेच. आणि सगळ्यात खाली दोन चौकोन: 'धान्य देऊ नये', 'धान्य द्यावे'.

मी चहा तसाच खाली ठेवला. मी पदर तोंडाशी धरला आणि बाईंच्या कानात म्हटलं, "साहेबांना म्हणा, दुसऱ्याच्या लेकराचं विचारा."

साहेब हातभरावर बसले होते. तरी बाईंनी त्यांना मोठ्यानं सांगितलं, "साहेब, त्या म्हणतात, दुसऱ्याच्या लेकराचं विचारा."

साहेबांनी चक्कीवालीला विचारलं, "बरं, टेलरच्या मुलीचं काय?"

"तिचं? बाप्पा!" चक्कीवाली फुललीच. "अवो, ते पोट्टी तीन ताटल्या दलिया खाते! आधी माशी हाकलत नव्हती, आता माह्या म्हशीले हाकलते. गाल पाहा न जी, पुरीवानी!"

"काहून वं!" टेलरची बायको उसळली. "माह्या पोरीचे घास मोजून राहिली? आणि तुहा? तुहा कडेवरचा? दलिया खाऊन असा माजला, का परवा आमच्या मशीनवर बसला तर पायडल तुटलं, साहेब! लिहा, पायडल लिहा!"

"नजर लावते माह्या लेकराले, नजर!"

"तूच लावली आधी!"

मग कोणी थांबेना. ज्या त्या बाईनं दुसरीच्या लेकराचं काढलं. कोणाचं झबलं फाटलं, कोणाच्या पोराला धरायला दोन माणसं लागतात, कोण पहाटेच ताटली घेऊन बालवाडीच्या दारात बसतो. साहेब लिहीत होते आणि ओरडत होते, "हळू बोला, एकेक जण बोला!" आधीचं सगळं त्यांनी खोडलं.

इतकं बोलल्यावर नजर उतरवणं आलंच. चक्कीवालीनं माझ्या चुलीतले निखारे काढले, मिरच्यांचा डबा घेतला, आणि चाळीस लेकरांवरून मुठी ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. ठसका लागला नाही तर नजर लागलेली असते. तो ठसका असा लागला की रस्त्यावरची एस.टी.सुद्धा बहुधा खोकली असेल.

"लागली नाही वं, कोणालेच लागली नाही!" टेलरची बायको खोकत म्हणाली, आणि चक्कीवालीच्या मुलाचं नाक आपल्या पदरानं पुसलं.

साहेबांचे डोळे मात्र धो धो वाहत होते. त्यांना परतीची गाडी धरायची होती. त्यांनी चाचपडत पेन्सिल खालच्या चौकोनांकडे नेली. मी पाहिलं, पेन्सिल 'देऊ नये'वर टेकली होती.

"साहेब, ते नाही!" मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. सगळ्या बायका वळून पाहायला लागल्या, कारण माझा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. "ते नाही. त्याच्या बाजूचं."

"तुम्हाला वाचता येतं?" साहेबांनी डोळे मिटूनच विचारलं.

"चौथी."

"मग तुम्हीच करा बाई, मला काही दिसत नाही." त्यांनी पेन्सिल पुढे केली.

मी 'द्यावे'च्या चौकोनात बरोबरची खूण केली. इतकी दाबून केली की कार्बनखालच्या दोन्ही कागदांवर उठली, आणि तिसऱ्याखालच्या पुठ्ठ्यावरही.