जयसिंगरावांच्या मापाचं बाहुलं

जयसिंगरावांचे पूर्वज फौजेबरोबर या मुलखात आले आणि इथलेच होऊन गेले. तलवारी गंजल्या, कन्नड जिभेवर बसली, घरात मराठी उरली. जयसिंगरावांच्या वाट्याला आली ती सुई. चामराजपेटेतल्या एका अरुंद गल्लीत त्यांचं बैठं घर होतं आणि घराच्या पुढच्या खोलीत, रस्त्याकडे तोंड करून, शिवणयंत्र. येणारा जाणारा म्हणायचा, "नमस्कार अण्णा." ओठांत टाचण्या धरलेले जयसिंगराव मान हलवायचे. दिवसभर यंत्र चालायचं, दिवसभर मान हलायची. बायको गेली तेव्हाही त्या नमस्कारांनीच त्यांना उभं ठेवलं.

मग मुलानं, गिरीराजनं, घर पाडून नवं बांधायला काढलं. खाली गाड्या, वर तीन मजले.

"अप्पा, स्वल्प दिवस येलहंक्याला भाड्यानं राहू. मग आपल्याच जागेत."

"आणि माझं मशीन?"

"वर ठेवू की. लिफ्ट आहे."

वरच्या मजल्यावरून कोण जातंय नमस्कार करायला? जयसिंगराव हे मनात म्हणाले.

पहिला स्लॅब पडला आणि मेस्त्रीनं गोंबे टांगायला घेतलं. या शहरात गोंब्याशिवाय घर वर चढत नाही. जुन्या कपड्यांत पेंढा कोंबायचा, डोळे वटारलेले, जीभ बाहेर लोंबती, असं ओंगळ बाहुलं परांचीला लटकवायचं. वाईट नजर त्याच्यावर पडते आणि घर सुटतं.

मेस्त्रीचं बाहुलं बघून जयसिंगरावांच्या कपाळाला आठी पडली. "याला गळा कुठाय? खांदा कुठाय? माझ्या घरावर असली शिलाई टांगणार तू?"

"अण्णा, गोंबे आहे, नवरदेव नाही."

पण म्हातारा ऐकेना. वास्तुशांतीसाठी घेतलेलं पांढरं कापड त्यांनी काढलं आणि बाहुलं शिवायला बसले. माप कुणाचं घ्यायचं? टेप न लावता बोटांना एकच माप पाठ होतं, स्वतःचं. काखेची गोलाई, कॉलरची उभारी, सगळं जसंच्या तसं उतरलं. कापडाच्या तोंडावर दोऱ्यानं शांत डोळे भरले, मिशी भरली. जीभ काढणं त्यांना असभ्य वाटलं.

समोरच्या घरातल्या कृष्णाबाई, त्यांच्याच वयाच्या, जिभेनं तिखट. त्या टांगलेल्या बाहुल्याकडे खालून बघत राहिल्या. "अण्णा, गोंबे कुरूप असावं. बघणाऱ्यानं मान फिरवावी. याच्याकडे तर बघतच राहावंसं वाटतंय!"

जयसिंगरावांना ही शाबासकी वाटली. तिथंच चुकलं.

पुढं पावसाची झड लागली, गुडघे धरले, आणि बरेच दिवस त्यांना येलहंक्याहून येता आलं नाही. मग एका सकाळी बसनं आले. गल्लीच्या तोंडाशी फुलवाली टोपली घेऊन उभी होती. तिनं वर पाहून हात जोडले, "नमस्कार अण्णा."

"अगं, मी इथं आहे."

तिनं वारा अंगावरून गेल्यासारखा पदर सावरला आणि चालू लागली. इस्त्रीवाल्यानंही वरच पाहिलं, वरच हसला. जयसिंगराव त्याच्या गाडीला टेकून उभे होते.

कृष्णाबाईंनी त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "कोण? अय्यो, अण्णा तुम्ही! किती वाळलात. रोज सकाळी परांचीवर बरे दिसता की."

"मी? मी तर आजच येतोय, अक्का."

"चेष्टा पुरे. मी रोज विचारते, कॉफी घेणार का? तुम्ही नको म्हणून मान हलवता."

दोघांनी वर पाहिलं. वारा पडलेला होता. बाहुल्याच्या सदऱ्याला काखेत घामाचा पिवळा डाग पडला होता.

त्या आठवड्यात भव्यानं, सुनेनं, दोनदा पानं वाढली आणि सासऱ्यांचं पान विसरली. "अय्यो अप्पा, तुम्ही जेवलात असंच वाटलं मला." विजारीची नाडी रोज थोडी जास्त ओढावी लागत होती. मग एका सकाळी जयसिंगराव खिडकीशी बसलेले असताना बाहेरून कुलूप लागलं. दारापलीकडून गिरीराजचा आवाज आला, "भव्या, अप्पा साइटवरच आहेत ना?" आणि तिचा, "हो, तिथंच तर असतात."

संध्याकाळी कुलूप उघडलं, तेव्हा कुणी काही विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ते कृष्णाबाईंच्या दारात जाऊन बसले. "अक्का, घर उभं राहील, पण त्यात मी नसेन. गल्लीनं मालक बदललाय. मी काढून टाकतो ते."

"घर पुरं होईतो गोंबे उतरवायचं नसतं. मुलाच्या घराला उघडं पाडाल?" कृष्णाबाईंचा आवाज खाली आला. "बिघडवा ते. तुमच्याच हातानं. दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

भर दुपारी, माणसं जेवायला बसलेली असताना, जयसिंगराव वर चढले. गल्ली उन्हानं पांढरी पडली होती. त्यांनी बाहुलं ओढून फळीवर घेतलं. पेंढ्याचं ते वजन नव्हतं, माणसाचं होतं. पोट गरम लागलं. उन्हानं तापलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

ब्लेडनं त्यांनी डाव्या खांद्याची शिलाई उसवली. आता वाकडं शिवायचं. पण जन्मभर सरळ चाललेला हात वाकडा जाईना. सुई पुन्हा पुन्हा जुन्याच रेघेवर यायची. शेवटी त्यांनी डोळे मिटले आणि खांदा चार बोटं खाली ओढून टाके घातले, आंधळ्यानं घालावे तसे. एक डोळा उसवून तिरळा केला. लाल चिंधीची जीभ लावली. खांद्यावरचा शेवटचा टाका ओढताना त्यांच्या तोंडून हुंकार निघाला. तो त्यांचा होता की फळीवरच्या त्याचा, त्यांना कळलं नाही.

बाहुलं पुन्हा टांगलं. खालून फुलवाली थुंकली, "थू, काय हे ध्यान!" आणि लगेच ओरडली, "अय्यो अण्णा! तुम्ही वर कशाला चढलात? उतरा, पडाल!"

जयसिंगरावांनी मान हलवली.

त्या रात्री पान वाढलेलं होतं. जेवता जेवता ते म्हणाले, "मशीन खाली बसेल. रस्त्याकडे."

"अप्पा, एक गाडी कमी राहील."

"राहू दे."

गिरीराजनं कितीतरी दिवसांनी बापाकडे नीट पाहिलं. घास हातातच राहिला. "सरी अप्पा, तसंच करू. पण तुमचा डावा खांदा असा का उतरलाय?"

म्हाताऱ्यानं पुढचा घास घेतला. डॉक्टर झाले, तेल झालं, खांदा वर आला नाही. आता नव्या घराच्या खांबाशी, रस्त्याकडे तोंड करून, यंत्र चालतं आणि मान हलते. गिऱ्हाइकांचे कपडे सरळ शिवले जातात. स्वतःचा सदरा बेतताना जयसिंगराव डावा खांदा चार बोटं खाली कापतात, आणि तो अंगावर अगदी नेमका बसतो.