निळ्या रंगातली उतरण

भौतिकशास्त्राचे एक निवृत्त सर दर शनिवारी माझ्या मालवणातल्या झेरॉक्सच्या दुकानात क्वेसारचे, म्हणजे अतिदूरच्या आकाशगंगांच्या लखलखत्या गाभ्यांचे, आलेख छापायला येत. कागद उजेडाकडे धरून सांगत, "क्वेसारातून सुटणाऱ्या झोताचो प्रकाश ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेन डोलणारो, आसता रे, कृष्णविवराभोवतीच्या तापलेल्या चकतीचो नसता. निळ्या रंगात ध्रुवीकरण उतारला, तर ती चकतीची ऊब."

कित्येक वर्षांनी ती उतरण दिसली. त्यावरचा त्यांचा लेख एका विज्ञानपत्रिकेत मंजूर झाला. पंधरा दिवसांनी मात्र ते लेख मागे घेण्याचं पत्र छापायला आले. उतरण दुर्बिणीच्या काचेमुळे होती. चूक त्यांनाच सापडली होती.

"सर, कोणाक कळतला?" मी विचारलं.

"माका कळला मा," म्हणत त्यांनी सही केली.

आता बाजारात भेटले की पावसापाण्याचं बोलतात. क्वेसारचं नाव मीही काढत नाही.