खतआजीचा वाफा

दारावर थाप पडली तेव्हा खतआजी मागच्या पायरीवर बसून लावणीसाठी लसणाच्या पाकळ्या सुट्या करत होती. आत नातीचा एक मोजा सापडत नव्हता, आणि लेक दाढीचा फेस पुसत "बघा रे कोण आहे" असं भिंतीला सांगत होता. दारात गवंडी होता. खांद्यावर पहार, मागे घमेली घेतलेले दोन गडी. परसाकडे कुठून जायचं, एवढंच त्याने विचारलं.

"आई, पायरीवरून उठा जरा," सून म्हणाली. "त्यांना जायचंय."

खतआजी हे नाव गल्लीने ठेवलेलं. घरोघरची भाजीची देठं, चहाचा चोथा, वाळका पाला गोळा करत फिरणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? नवरा गेल्यावर ती परसात शिरली ती जणू बाहेर आलीच नाही. तेव्हा तिथे कुदळ मारली तर टणकन उडायची. त्या जमिनीला तिने पोटच्या पोरासारखं भरवलं; पोटच्या पोराचं तर म्हणणं होतं, माझ्यापेक्षा जास्त. थंडी लागली की पालक, गाजर, मटार, कोबी. मटार संपला तरी वेल उपटायचा नाही, जमिनीलगत कापायचा आणि मुळं आत कुजू द्यायची. वाफ्यात पाऊल टाकायची तर कोणाची छाती नव्हती. माती दबू नये म्हणून ती स्वतःसुद्धा फळीवर बसून हात लांबवायची.

आणि पावलावरूनच सगळं झालं. नुकतीच थंडी पडायला लागली होती. चेंडूमागे धावत नात वाफ्यात शिरली आणि आजीने तिच्या कानाखाली वाजवली. गाल संध्याकाळपर्यंत लाल होता. सून चकार शब्द बोलली नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून झारी भरून देऊ लागली, कोबीचं एकेक रोप हातात देऊ लागली. आजीला वाटलं, चला, निवळली.

गाडीसाठी परसात फरशी घालायचं तेव्हाच ठरलं होतं. आजीला ते आज, गवंड्यासमोर कळलं.

"मग रोपं कशाला लावू दिलीत?" तिने लेकाला विचारलं.

उत्तर सुनेने दिलं, अगदी गोड आवाजात. "तुम्ही रमला होतात ना, आई. म्हटलं, कशाला मोडता घाला."

लेक फिसकन हसला आणि मग चष्मा पुसायला लागला.

आजीने गवंड्याला बाजूला घेतलं. खाली कातळासारखं कडक आहे, वरूनच फरशी घाल, उगाच खणत बसू नकोस, असं ती त्याला समजावू लागली. निदान माती तरी जागेवर राहील. आयुष्यात खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे तेच तेच दोनदा बोलली. गवंड्याने मान डोलावली आणि कोबीच्या दोन ओळींमध्ये पहार नुसती टेकवली. ती आपल्याच वजनाने हातभर आत गेली.

"ही तर गादी आहे," तो म्हणाला. "फरशी चार दिवसांत खचेल. सगळी काढावी लागणार."

"बघ आई," लेक म्हणाला, "कडक राहू दिली असतीस तर वाचली असती."

गडी कामाला लागले. मातीबरोबर कोबीही घमेल्यात पडू लागले, अजून गड्डे धरायचे होते. सुनेने नातीच्या पाठीवर हात ठेवला. "जा, उड्या मार आता. कोणी काही म्हणणार नाही." पोरगी शाळेच्या बुटांसकट पालकात उतरली. एक पाऊल टाकलं, आजीच्या हाताकडे पाहिलं, मग दुसरं टाकलं. आजीचा हात पदरातच राहिला.

माती कुठे नेणार, असं तिने गवंड्याला विचारलं. गल्लीच्या टोकाला मोठा खड्डा आहे, तो म्हणाला. त्यात टाकू आणि वरून, गाडी आत यायला परसाची भिंत पाडायचीय, तिचा राडारोडा.

भरलेलं घमेलं समोरून चाललं होतं. वरच्या ढेकळातून एक गांडूळ अर्धं बाहेर लोंबत होतं. आजीने ते बोटाने हळूच आत ढकललं.

"एवढं कर," ती गवंड्याला म्हणाली. "त्या खड्ड्यात या मातीवर राडारोडा टाकू नकोस. उघडी राहू दे."