लाखभर डुलक्या

आमच्या कंपनीत त्याला सगळे सावकाश म्हणायचे. खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच सुखाने पडून होतं. आम्ही छोट्या-मोठ्या धंद्यांना सर्व्हर बांधून द्यायचो, आणि त्यात कुठली हार्ड डिस्क बसवायची हे तपासून सांगायचं काम त्याचं. पंचवीस वर्षं तो तेच करत होता. कुणी टेबलाशी येऊन "झालं का?" विचारलं की चष्मा कपाळावर सरकवून तो म्हणायचा, "सावकाश." त्यावरूनच नाव पडलं.

मी तिथे माहितीपुस्तिका लिहायचे. आम्ही दोघं एकाच महिन्यात लागलेलो, त्यामुळे अरे-तुरे. त्याच्या तपासणीच्या तऱ्हा मला त्याच्या बायकोकडून कळायच्या. नवी छत्री आणली तर तो आधी न्हाणीघरात शॉवर सोडून तिच्याखाली दहा मिनिटं उभा राहिला, घड्याळ लावून. लग्नाला होकार द्यायला त्याने चार महिने घेतले. "तेवढ्यात माझा विचार दोनदा बदलून परत जागेवर आला होता," ती म्हणायची.

तर एके दिवशी त्याच्याकडे बारा नव्या डिस्क आल्या. आम्ही बसवायचो त्या जुन्या डिस्क अर्ध्या विटेएवढ्या. ही पत्त्यांच्या कॅटाएवढी, पण चपटी. वीज अगदी कमी खाते, तापत नाही, आवाज करत नाही, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं. आमच्या विक्रीप्रमुख बाईंना ती हवीच होती. औषधांची चाळीस दुकानं चालवणारा एक ग्राहक त्यांनी जवळजवळ पटवला होता. त्या दुकानांत सर्व्हर ठेवायला जागा म्हणजे काउंटरमागचं एक कपाट. तिथे मोठा, तापणारा डबा चालणार नव्हता.

विक्रीप्रमुख बाई खुर्चीत बसल्या तरी निघायच्या तयारीत दिसायच्या. त्या तपासणीच्या खोलीत आल्या आणि दारातूनच विचारलं, "किती दिवस?"

"सहा आठवडे."

"मी ग्राहकाला एक सांगितलाय."

"मग पाच आठवडे तुम्हाला त्यांच्याशी गप्पा माराव्या लागतील," सावकाश म्हणाला. त्याला हे चिडवून बोलायचं नव्हतं. त्याने खरोखरच हिशेब केला होता.

शेवटी चार ठरले. बाई ते तीन धरून गेल्या, तो पाच धरून कामाला लागला.

त्याची खोली तळमजल्याच्या टोकाला होती. जिन्याखालून वाकून जावं लागे. आत गार हवा, पंख्यांची घरघर, एक लांब टेबल, विजेचा मीटर आणि चौकटीच्या कागदाची वही. उन्हाळा असो की थंडी, तो आत जाताना कोपर फाटलेला एक राखाडी स्वेटर घालायचा. पहिले नऊ दिवस त्याने डिस्कना कामाला जुंपलं. लिही, वाच, पुस, परत लिही. सगळ्या बाराच्या बारा डिस्क मान खाली घालून राबल्या. त्याने वहीत "ठीक" असं लिहिलं. त्याच्या शब्दकोशात याहून मोठी स्तुती नव्हती.

मग दुसरी परीक्षा: डिस्कना काहीच काम द्यायचं नाही, आणि रिकामपणी त्या काय करतात ते बघायचं. दुकानातला सर्व्हर बराच वेळ रिकामाच असतो, त्यामुळे वीज वाचते की नाही ते इथेच कळणार होतं. डिस्कच्या आत तबकडी गरगर फिरत असते आणि तिच्यावर लिहिणारं-वाचणारं एक बारीक हेड तरंगत असतं. या नव्या डिस्कचं वैशिष्ट्य असं की पाच सेकंद काम मिळालं नाही तर हेड बाजूला जाऊन टेकायचं आणि डिस्क डुलकी काढायची. काम आलं की पुन्हा जागेवर. अशा डुलक्या किती झाल्या ते डिस्क स्वतःच मोजून ठेवते. सहा लाख डुलक्यांपर्यंत काळजी नाही, असं बनवणाऱ्यांनी लिहून दिलं होतं.

या दुसऱ्या परीक्षेच्या अकराव्या दिवशी सावकाश माझ्या टेबलाशी आला तो चक्क धापा टाकत. हीच मोठी बातमी होती.

"एक लाख पाच हजार," तो म्हणाला.

"काय?"

"डुलक्या. प्रत्येकीच्या. दिवसाला नऊ हजार सहाशे. या वेगाने बासष्ट दिवसांत सहा लाख होतील. पाच वर्षं म्हणतात, दोन महिने टिकणार नाही. आणि झोपल्यावर एक वॅटच्या आत म्हणाले होते, मीटर दोनच्या खाली येतच नाही."

त्याचा चेहरा गंभीर होता, पण आतून तो खूश होता, हे मला दिसत होतं. सगळे ज्या वस्तूवर लट्टू झालेत तिच्यात खोट सापडली की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. त्याने त्याच दिवशी अहवाल लिहिला: धंद्याच्या सर्व्हरसाठी अयोग्य. खाली सही. विक्रीप्रमुख बाईंनी तो कागद वाचला, टेबलावर पालथा घातला आणि त्यावर स्टेपलर ठेवला, जणू तो उडत उडत ग्राहकाकडे पोचला असता.

"बनवणाऱ्यांशी बोललात?" त्यांनी विचारलं.

त्याने फोन लावला, आमच्यासमोरच. तिकडचा इंजिनिअर शांत माणूस होता. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "आमच्याकडे दिवसाला वीस-पंचवीस होतात. तुमच्या डिस्कना कुणीतरी उठवतंय."

"इथे कुणीही येत नाही," सावकाश म्हणाला. "खोलीला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे आहे."

"मग मला काही सांगता येणार नाही," इंजिनिअर म्हणाला.

फोन ठेवल्यावर तो दुखावलेला दिसला. तरी पुढचे दोन दिवस त्याने हे 'कुणीतरी' कोण, ते शोधलं. टेबलाच्या पायांखाली रबर घातलं. लिफ्टचा धक्का बसतो का म्हणून मला वर-खाली फेऱ्या मारायला लावल्या. जिना झाडणाऱ्या मावशींना विचारलं की तुम्ही भिंतीला झाडू आपटता का. त्या म्हणाल्या, "मी आपटत नाही, पण म्हणत असाल तर आपटते." डुलक्यांचा आकडा ठरल्या वेगाने वाढत राहिला.

त्या आठवड्यात त्याच्या घरीही एक रुग्ण होता. सासरे त्यांच्याकडेच राहायचे, त्यांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टरांनी दुपारी झोप घ्यायला सांगितलं होतं. रविवारी ते बाल्कनीतल्या आरामखुर्चीत पडले, आणि जावई त्यांच्या सेवेत रुजू झाला. पुढचं सगळं मला त्याच्या बायकोने जसंच्या तसं सांगितलं.

आधी त्याने चादर नीट केली. मग ऊन तोंडावर येतंय का पाहिलं. मग पाणी हवं का विचारलं. मग नुसताच वाकून पाहिलं. सासऱ्यांनी उघडा डोळा त्याच्यावर रोखला.

"जावईबापू," ते म्हणाले, "काय बघताय?"

"झोपलात का ते बघतोय, बाबा."

"मी झोपायला लागलो की तुम्ही बघायला येता. तुम्ही येता म्हणून मी जागा होतो. जागा दिसलो की तुम्हाला काळजी वाटते, मग तुम्ही पुन्हा येता. हे असं किती दिवस चालायचं?"

"काळजी वाटते म्हणून येतो ना."

"वाटू द्या. पण तिकडे, दुसऱ्या खोलीत बसून वाटू द्या."

तो हिरमुसून आत आला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती मान वर न करता म्हणाली, "दुपारपासून अकरा वेळा उठवलंस त्यांना. मोजतेय मी. तुझ्या डिस्कसुद्धा अशाच—" आणि तिला पुढे काय म्हणायचं होतं ते तिलाही ठाऊक नव्हतं, कारण डिस्कबद्दल तिला फक्त एवढंच माहीत होतं की त्या हल्ली झोपत नाहीत.

सावकाश सोफ्यावर बसला. एकदा फक्त म्हणाला, "दर नऊ सेकंदांनी," आणि ते कशाबद्दल, हे सांगितलं नाही.

सोमवारी मी पोचले तेव्हा तो आधीच खोलीत होता. त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. डिस्क तापत तर नाहीत ना, हे बघायला त्याने स्वतः एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. तो प्रत्येक डिस्कला दर नऊ सेकंदांनी तापमान विचारायचा. डिस्क बिचारी पाच सेकंदांनी डोळे मिटायची, चार सेकंद झाले की हा विचारणार, कशी आहेस, ताप आहे का? ती उठून उत्तर द्यायची, आणि पुन्हा डुलकी.

"नऊच का?" मी विचारलं.

"दहा जरा जास्त वाटले होते," तो म्हणाला.

तरीही एका झटक्यात मान्य करेल तर तो सावकाश कसला. बारापैकी सहा डिस्कना तापमान विचारणं त्याने बंद केलं, सहांना चालू ठेवलं, आणि दोन दिवस हात मागे बांधून बसला. ज्यांना विचारत होता त्यांच्या एकोणीस हजार डुलक्या झाल्या. ज्यांना सोडून दिलं होतं त्यांच्या चव्वेचाळीस. त्यांचा मीटरही एक वॅटच्या खाली उतरला.

आता नवा अहवाल लिहायचा होता. तो मी नीट करून द्यावा म्हणून त्याने मला बोलावलं. पहिलंच वाक्य होतं, "आधीच्या अहवालातला दोष डिस्कचा नसून परीक्षकाचा होता." मी सुचवलं, "'तपासणीच्या पद्धतीत विसंगती आढळली' असं लिहू या का?"

"विसंगती कशाला? मी केलं."

"अरे, पण हे सगळ्यांकडे जाणार."

"पहिला अहवालही सगळ्यांकडेच गेला होता."

ते वाक्य तसंच राहिलं. पण त्याला दुसरंच काहीतरी लागून राहिलं होतं. त्याने कपाटातून जुन्या वह्या काढल्या, एकेक करून चाळल्या. गेल्या पंचवीस वर्षांत अशा उठवून उठवून आपण आणखी कुणाला नापास केलं का, हे त्याला बघायचं होतं. मी म्हटलं, जाऊ दे. त्याने ऐकलं नाही. एक सापडली. आठ वर्षांपूर्वीची, कुठल्याशा लहान कंपनीची डिस्क, कारण तेच. त्याने त्या कंपनीला माफीचं पत्र लिहिलं. ती बंद होऊन चार वर्षं झाली होती. पत्र परत आलं. त्याने ते वहीच्या त्याच पानावर चिकटवलं. त्या दिवशी मीही त्याची थट्टा केली नाही.

विक्रीप्रमुख बाई मात्र अहवाल वाचून इतक्या खूश झाल्या की त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली, स्वतःही बसल्या. "म्हणजे पास. करा सही."

"हो. पण एक विचारायचं होतं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "विचारा."

"त्या औषधांच्या दुकानांत सर्व्हरवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम असेल ना? तो डिस्कचं तापमान दर किती वेळाने विचारतो?"

"मला काय माहीत?"

"ग्राहकाला माहीत असेल."

बाईंनी नाराजीनेच फोन केला. पलीकडच्या माणसाने अभिमानाने सांगितलं की आमची व्यवस्था फार चोख आहे, आम्ही दर दहा सेकंदांनी विचारतो.

फोन ठेवून बाई पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकून बसल्या. चाळीस दुकानांतल्या डिस्क दोन-सव्वादोन महिन्यांनी काय करू लागल्या असत्या, याचं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं असावं. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "मग आता?"

"दर दहा मिनिटांनी विचारायचं. दिवसाला एकशे चव्वेचाळीस. पाच वर्षांत पावणेतीन लाखांच्या आत."

"आणि त्या दहा मिनिटांत तापली तर?"

हा प्रश्न खरं तर त्याने विचारायचा. बाईंच्या तोंडून तो ऐकून तो इतका सुखावला की उत्तर शोधायला त्याने आणखी तीन दिवस मागितले, आणि नवल म्हणजे बाईंनी दिले. त्याने डिस्क एका बंद कपाटात ठेवल्या, पंखा अडवला, वर घोंगडी घातली. दहा मिनिटांत चार अंश वाढले. त्याने "ठीक" लिहिलं आणि सही केली. तोवर पाचवा आठवडा लागला होता.

नवे सर्व्हर दुकानांत बसले. महिन्याभराने सावकाश त्यातल्या एका दुकानात स्वतः बघायला गेला आणि मलाही घेऊन गेला, पुस्तिकेत काही राहिलंय का ते कळावं म्हणून. औषधं देणाऱ्या बाई साठीच्या होत्या. हातात लोकरीचे अर्धे मोजे. त्यांनी कपाट उघडून दाखवलं. डबा शांत होता, हिरवा दिवा लागलेला. सावकाशने वही काढली. "काही तक्रार?"

"आहे ना," बाई म्हणाल्या. "जुना डबा छान गरम असायचा. त्यावर माझा कॉफीचा पेला ठेवायचे, दुपारपर्यंत कोमट राहायचा. हा नुसता थंडगार. काही उपयोगाचा नाही."

मी हसू दाबायला औषधांच्या बाटल्यांकडे वळले. सावकाश मात्र हसला नाही. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, तक्रार शब्दशः लिहून घेतली आणि विचारलं, "पेला साधारण किती मोठा होता?"