आडव्या दांडीची सायकल

मंजुळाबाईंनी वजन चोरलं ते फक्त अर्धा मण. पण त्या अर्ध्या मणानं दोन महिने त्यांच्या जिवाला स्वस्थता दिली नाही.

पिंपरी स्टेशनच्या रस्त्यावर बरकतचं सायकलींचं दुकान होतं. औषधांचा कारखाना सुरू झाल्यापासून तिथे शिफ्टवाल्यांची वर्दळ असे. बरकतची एक रीत होती. सायकल घ्यायला आलेल्याला तो रंग विचारत नसे. बसणार कोण आणि वजन किती, एवढंच विचारायचा, आणि त्या बेतानं चाकाचे आरे आवळायचा. मंजुळाबाई आल्या तेव्हा पंक्चरसाठी थांबलेले दोन कामगार बाकावर बसले होते. बरकतनं हातातल्या रिमकडे बघत, जणू रिमलाच विचारावं तसं, वजन विचारलं. मंजुळाबाई म्हणाल्या, "असेन दोन मण." बाकावरचा एक जण खोकला. बरकतनं मान वर केली नाही. बाईमाणसानं सांगितलेलं वजन त्यानं खरं धरलं आणि दोन मणांना पुरेल अशी जुनी लेडीज सायकल काढून दिली. नवी परवडणारी नव्हतीच.

मंजुळाबाई चिंचवडच्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. बार्शीकडच्या. विसाव्या वर्षी कुंकू पुसलं, मग मिरजेला जाऊन बाळंतपणाचं शिक्षण घेतलं. सायकल तिथेच शिकल्या. तेव्हा काडीसारख्या होत्या. पुढे अंग सुटत गेलं. चाळिशीला टेकल्या तेव्हा आरशात एक ओळखीची बाई दुसऱ्या कुणाच्या तरी अंगात राहायला गेल्यासारखी दिसे. त्या आरशापुढे फार थांबत नसत. तशा त्या कुठेच फार थांबत नसत.

थांबलं की मोशीचं घर आठवायचं. दीड वर्षापूर्वी गोजाबाईंच्या सुनेचं, यशोदाचं, दुसरं बाळंतपण होतं. पहिलं मूल मेलेलं उपजलं होतं. मंजुळाबाई बैलगाडीतून निघाल्या, भोसरीच्या अलीकडे एक बैल बसला, आणि त्या पोहोचल्या तेव्हा गळ्याभोवती नाळ अडकलेलं दुसरं मूलही थंड झालं होतं. तासभर आधी पोहोचल्या असत्या तर? कुणी विचारलं नाही. त्याच विचारत राहिल्या. आता यशोदा तिसऱ्यांदा गरोदर होती, आणि मंजुळाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं, "या खेपेला मी वेळेवर येईन." सायकल घेतली ती त्या एका वाक्यापायी.

पण सायकलीला ते वाक्य पेलेना. आधी मागच्या चाकाचे आरे तुटू लागले. भर रस्त्यात टण् असा आवाज यायचा, आणि मंजुळाबाईंना वाटायचं, आपलंच काहीतरी आत तुटलं. बरकत जाड आरे घालून द्यायचा, ते आठवडाभर टिकायचे. मग आकुर्डीच्या चढावर फ्रेमची खालची नळी सांध्यापाशी वाकली. हातात सायकल धरून त्या परतत होत्या, तर सुटलेल्या शिफ्टमधला एक जण म्हणाला, "बाई, सायकल दमली का? घ्या तिला कडेवर." सगळे हसले. मंजुळाबाईही हसल्या. न हसून करणार काय?

यशोदाचे दिवस भरत आले होते. त्या शनिवारी मंजुळाबाई दुकानात गेल्या, तेव्हा बरकतनं वाकलेली फ्रेम उलटी टांगली होती. त्यानं काम करता करता समजावलं की लेडीज सायकलीला वरची आडवी दांडी नसते, सगळा भार खालच्या नळीवर येतो. बिनआढ्याचं घर ते, किती तोलणार. कोपऱ्यात एक काळीकुट्ट सायकल उभी होती. एका गवळ्यानं विकलेली. वर एकाखाली एक दोन दांड्या, मागे लोखंडी कॅरिअर, पुढच्या चाकाच्या चिमट्याला आधाराच्या जोडपट्ट्या. दुधाच्या भरल्या किटल्या तिनं पाच वर्षं वाहिल्या होत्या आणि किंमत नव्या सायकलीच्या निम्मी. मंजुळाबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. दवाखान्याचं पाचवारी पांढरं पातळ नेसून त्या दोन दांड्यांवरून पाय टाकायचा? लोक काय, दवाखाना काय म्हणेल?

बरकत हलकेच म्हणाला, "बाई, एक विचारू? तुम्ही दोन मण म्हणाला होतात."

दुकानात कुणी नव्हतं. तरी त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं.

"अडीच," त्या म्हणाल्या. "थोडं वरच."

बरकतनं पाना खाली ठेवला. "तेव्हाच सांगायचं ना. मी ही लेडीज तुम्हाला दाखवलीसुद्धा नसती." त्यात राग नव्हता. डॉक्टरला रोग्यानं उशिरा दुखणं सांगावं, तसा तो हळहळला.

दुसऱ्या दिवशी रविवार. मंजुळाबाई घरात नऊवारी लुगडं नेसून, कासोटा खोचून भाकऱ्या थापत होत्या. दारात यशोदाचा नवरा मालोजी उभा राहिला, घामानं निथळत. पहाटेपासून कळा सुरू होत्या. गाडी मिळाली नाही, धावत आला होता. मंजुळाबाईंनी तवा उतरवला, पिशवी उचलली. पातळ खुंटीवर होतं. त्याकडे हात गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी खाली पाहिलं. कासोटा. दोन पाय, दोन्हीकडे मोकळे. ज्याच्यावाचून त्या दांड्यांवरून पाय टाकता येत नव्हता, ते लुगडं रोज संध्याकाळी घरी येऊन आपणच अंगाला गुंडाळत होतो.

त्या तशाच बरकतच्या दुकानात शिरल्या. काळ्या सायकलीवर हात ठेवून म्हणाल्या, "ही द्या." बरकतनं पिशवी कॅरिअरला बांधली, सीट खाली घेतली आणि त्या चढेपर्यंत सायकल दोन्ही हातांनी धरून ठेवली.

पुढचे पाच-सहा मैल त्या थांबल्या नाहीत. थांबता येईल याची खात्री नव्हती, पुन्हा चढता येईल याची त्याहून नव्हती. भोसरीच्या वेशीत म्हशी आडव्या आल्या, त्यांच्या मधून गेल्या. मागे कुणी काय बोललं ते वाऱ्यानं नेलं. ऊन डोक्यात शिरत होतं, सायकल मात्र कुरकुरत नव्हती. तिला जणू पाठीवर कोण आहे याचं सोयरसुतक नव्हतं. मोशीत गोजाबाईंच्या अंगणात शिरल्यावर ब्रेक लागेना. त्या सरळ कडब्याच्या गंजीत घुसल्या आणि उतरल्या.

गोजाबाई धावत आल्या. धुळीनं माखलेल्या त्या लुगडेवालीकडे पाहून त्यांच्या मागे रस्त्यावर बघू लागल्या. "नर्सबाई कुठं हायती?"

"मीच ती. पाणी उकळलंय का?"

तासाभरानं मूल आलं. निळसर, निःशब्द. गळ्याभोवती नाळ होती, या खेपेलाही. मंजुळाबाईंची बोटं तिच्याखाली शिरली, नाळ सुटली, तोंड पुसलं, तळव्यांवर टिचक्या मारल्या. घरात माशीचा आवाज येत होता. मग एक किरटी, चिडकी आरोळी आली. गोजाबाई भिंतीला धरून खाली बसल्या.

मुलगी होती. तिला गुंडाळून यशोदाच्या कुशीत ठेवलं, तरी मंजुळाबाईंना चैन पडेना. दर दोन मिनिटांनी त्या वाकत, फडकं उघडत, छातीवर बोट ठेवत आणि पुन्हा झाकत. बाहेर मालोजी पोहोचला होता, गोजाबाई त्याला काहीतरी सांगत होत्या. मंजुळाबाई सहाव्यांदा वाकल्या, तशी यशोदा डोळे न उघडता म्हणाली, "बाई, बसा की आता. तिला दम घेऊ द्या."

मंजुळाबाई बसल्या. आणि घटकेभरानं पुन्हा उठल्या.