खेळ बंद

“मुलीचा गुडघा आहे हो. चालण्यापुरता बरा झाला की पुरे,” डॉक्टर एक्स-रे उजेडाला धरून तिच्या वडिलांना म्हणाले. मी केसपेपर लिहीत होते.

घाटकोपरमधले लहान खेळाडूंचे हे नावाजलेले सर्जन. क्रिकेटवाल्या मुलांना ‘चॅम्पियन’ म्हणत, पाठ थोपटत. दर दोन वाक्यांनी ‘आमच्या इंग्लंडमध्ये’ येई. तिथे ते सहा महिने होते.

“मी खो-खो परत कधी खेळू?” मुलीने विचारलं. डॉक्टरांनी एक्स-रेकडेच बघत मला सांगितलं, “लिहा, खेळ बंद.”

त्यांच्या हाताखालच्या दोन वर्षांत मी ‘येस, डॉक्टर’पलीकडे काही बोलले नव्हते. पेन खाली ठेवलं.

“सकाळच्या मुलाचा गुडघाही असाच होता, डॉक्टर. त्याला परत खेळता यावं म्हणून तुम्ही ऑपरेशन सांगितलंत.”